सतरा नंबरचा फॉर्म आणि ब्राझील

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात दोनच देश आहेत. एक भारत आणि दुसरा ब्राझील. इंग्लंड नाही, अमेरिका नाही, ज्यांच्याशी आपलं रोज काही ना काही वाजतं ते शेजारीही नाहीत. पहिल्या पाठात नळदुर्गची मुलं क्षेत्रभेटीला निघून अलिबागला पोचतात, समुद्र बघतात, आणि पान उलटलं की आपण ब्राझीलमध्ये. मग पुस्तक संपेपर्यंत हे दोघेच मांडीला मांडी लावून. भारताची लोकसंख्या, ब्राझीलची लोकसंख्या. भारतातली जंगलं, ब्राझीलमधली जंगलं. मुलगी बघायच्या कार्यक्रमात दोन घरची माणसं शेतीवाडीपासून मामाच्या नोकरीपर्यंत सगळं विचारून घेतात, तसं चाललेलं असतं. सगळी चौकशी झाल्यावरही शेवटी काही ठरत मात्र नाही.

मी या वर्षी दहावीला आहे. चाळिशी उलटलेल्या बाईने हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो आणि विचारतो, "मुलगा की मुलगी?" मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीला मीच. माझी नववी झाली तेव्हा घरात दोन काळज्या होत्या, पाण्याची आणि माझ्या लग्नाची. त्यातली एक मिटण्यासारखी होती, ती मिटवली.

ज्यांची शाळा सुटली आणि परीक्षा राहून गेली त्यांच्यासाठी राज्य मंडळाने एक दार उघडं ठेवलेलं आहे. त्याला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला जोडून खासगी विद्यार्थी म्हणून तो भरायचा. एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. बाकी सगळं नियमित मुलांसारखं: तीच पुस्तकं, त्याच प्रश्नपत्रिका, पास व्हायला तेच ३५. फक्त रोज वर्गात बसायचं नसतं. मग वर्ग आणायचा कुठून, हे ज्याचं त्याने बघायचं.

माझा वर्ग माझ्या मेसमध्येच भरतो. सदाशिव पेठेत मेस चालवायची म्हणजे एमपीएससीच्या मुलांना जेवू घालायचं, हे ओघानं आलंच. मराठवाड्याची मुलं मला मावशी म्हणतात, विदर्भातली काकू आणि कोल्हापूरकडची वहिनी. एकाच वेळी तिघांनी पोळी मागितली तर बाहेरून आलेल्याला वाटेल की आत तीन बायका आहेत. या मुलांत कुणी इंजिनिअर आहे, कुणी शेतकीचा पदवीधर, एक जण तर चक्क दातांचा डॉक्टर आहे. आणि हे सगळे पुण्यात खोल्या घेऊन, अभ्यासिकांची फी भरून काय वाचतात, तर बालभारतीची पाचवीपासूनची पुस्तकं. स्पर्धा परीक्षेचा पाया शालेय पुस्तकांत आहे म्हणतात. "स्टेट बोर्ड झालं का?" हा प्रश्न ते एकमेकांना "चहा झाला का?" या सुरात विचारतात.

त्यामुळे झालं असं, की मी फॉर्म भरला आणि नवऱ्याने अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणून दिली, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर दहावीच्या भूगोलाच्या बऱ्याच प्रती आधीच पडलेल्या होत्या. मीठ, लोणचं आणि भूगोल. शिकून परत दहावीत आलेले ते आणि पहिल्यांदाच दहावीत आलेली मी, एकाच पानावर. माझ्या प्रतीवर आधीच्या मालकाने पिवळ्या पेनाने जवळजवळ सगळंच महत्त्वाचं ठरवून टाकलेलं आहे. लोकसंख्येच्या पाठात मात्र त्याचा पिवळा पेन थांबतो आणि समासात कुणाचं तरी नाव सुरू होतं.

तर प्रगती. मुलगी दर महिन्याला माझी विषयवार सराव परीक्षा घेते, लाल पेनाने तपासते, आणि एरवी मी तिच्या बाबतीत जे बोलत आले ते सगळं मला ऐकवते. भूगोलात मी सगळ्यांत पुढे आहे. याचं श्रेय न पडणाऱ्या पावसाला.

माझं माहेर माण तालुक्यातलं. सह्याद्री येणारे ढग आधी महाबळेश्वरावर रिकामे करून घेतो. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. लहानपणी याला नशीब म्हणतात असं आम्हाला सांगितलं होतं. पुस्तक त्याला पर्जन्यछाया म्हणतं. आणि ब्राझीलच्या पूर्वेला उच्चभूमीची एक प्रचंड कडा आहे, पुस्तकातलं तिचं नावच 'अजस्र कडा'. समुद्रावरचे वारे तिला अडतात, किनाऱ्यावर पाऊस पाडून टाकतात आणि पलीकडे ईशान्येच्या भागात पोचेपर्यंत कोरडे होतात. त्या भागाचं नाव 'अवर्षण चतुष्कोन'. हे वाचलं त्या दुपारी कणीक भिजवून झाली होती आणि ती बराच वेळ तशीच राहिली. ब्राझीललाही माणदेश आहे! फुटबॉल, कॉफी, अ‍ॅमेझॉन यांच्या गर्दीत ही गोष्ट कुणी आजवर मला सांगितलीच नव्हती.

संध्याकाळी पहिल्या पंगतीला मी विचारलं, तिकडची माणसं खातात काय? जनावरं कुठली पाळतात? पोट भरायला कुठे जातात? शेतकीचा पदवीधर म्हणाला, "काकू, हे परीक्षेला येत नाही." हे त्यांचं ब्रीदवाक्य आहे. जगातल्या सगळ्या ज्ञानाचे त्यांनी दोन ढीग केलेत, येतं आणि येत नाही. पण मी पातेलं हातात धरून तिथेच उभी राहिले, तेव्हा त्याने मोबाइल काढला. ब्राझीलमधल्या बहुतेक शेळ्या त्याच ईशान्य भागात आहेत आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे साव पावलोला कामाला जात आली आहेत. मला कुणी पत्ता न सांगताही नातेवाइकाचं घर सापडावं तसं झालं. आमच्याकडेही कोरड्या रानात टिकते ती शेळी. आणि माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्याला देशभर पांगलेली आहेत. माझा एक चुलतभाऊ तामिळनाडूत आहे. तो दिवाळीला येतो तेव्हा त्याची मुलं आजीशी खुणांनी बोलतात.

त्या दिवसापासून ब्राझीलबाबत माझा आवाज जरा घरच्यासारखा लागतो. पुढे आषाढी आली. मी खिचडीला साबुदाणा भिजवत होते तेव्हा दातांच्या डॉक्टरने बातमी आणली की साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून करतात तो मूळचा तिकडचाच, ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातलीच, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. म्हणजे विठ्ठलाच्या नावाने आपण ज्या दिवशी सगळ्यांत सोवळं खातो, त्या दिवशी ताटात जवळजवळ सगळं परदेशी असतं आणि ज्वारी-बाजरी मात्र बाहेर उभ्या. हे सासूबाईंना सांगायचं की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. मुलं म्हणाली सांगा. मी नाही सांगितलं. खिचडी झकास झाली होती, उगाच कशाला.

इतिहासाने मात्र सुरुवातीला माझी घोर निराशा केली. चौथीत आम्हाला शिवछत्रपती होते. सगळा वर्ग अफझलखानाच्या पाठाला श्वास रोखून बसायचा. दहावीत त्याहून मोठी लढाई असणार या भरवशावर मी पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर. त्याचं मूळ नाव फ्रान्स्वा मरी अरूए. मग हेगेल, रांके, आणि 'आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज' लिहिणारा मायकेल फुको. दहावीच्या पुस्तकात इतिहास नाही, इतिहास कसा लिहितात ते आहे. म्हणजे जेवायला बोलावून स्वयंपाकघर दाखवण्यातला प्रकार. मेसवाल्या बाईला खरं म्हणजे हे पटायला हवं होतं. बाहेर बसून 'भाजीत आज मीठ कमी' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मनातून आत ओढून आणलेलं आहे.

फुको पाठ करायला वेळ लागला. भांडी घासताना मी त्याचं नाव घोळवत असे. सासूबाईंनी दोन-तीनदा ऐकलं आणि अखेर विचारलं, "हा कोण? उधारीवाला का?"

पण त्याच पुस्तकात पुढे मौखिक साधनांचा विषय निघाला. लोकांच्या आठवणी, ओव्या, तोंडातोंडी आलेल्या गोष्टी, यांवरूनही इतिहास लिहितात. माझ्या आईच्या तोंडी १९७२ चा दुष्काळ आहे. खडी फोडायची कामं, मुलांना मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला तो लाल मिलो, जो भाकरी म्हणून थापला की भाकरीच्या नावाला काळिमा. किती वर्षं आम्ही ते "झालं आईचं सुरू" म्हणत ऐकलं. मी तिला फोन करून सांगितलं, की आई, तू इतिहासाचं साधन आहेस. ती म्हणाली, "असू दे. जेवलीस का?" मग मात्र स्वतःहून बोलत राहिली, आणि मी पहिल्यांदाच कागद घेऊन बसले. मिलो कोणत्या पोत्यांत यायचा, मुकादम हजेरी कशी मांडायचा, कुणाच्या विहिरीला शेवटपर्यंत पाणी होतं. परीक्षेला येत नाही, हे मला माहीत होतं.

विज्ञान म्हणजे एकट्या भाग दोनमध्येच दही विरजणारे सूक्ष्मजीव, प्राण्यांचं वर्गीकरण, आपत्ती व्यवस्थापन आणि सामाजिक आरोग्य, सगळं एका छपराखाली. विरजणापुरती मी बिनधास्त आहे. प्राण्यांच्या वर्गीकरणाबद्दल इथे न बोललेलं बरं. भाग एक मधला भिंगांचा पाठ मी भिंगातून वाचला. निरोगी डोळ्याला २५ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. वय वाढलं की भिंगाजवळच्या स्नायूंची ताकद कमी होते आणि पुस्तक हात पुरेनासा होईपर्यंत लांब धरावं लागतं. दोषाचं नाव वृद्धदृष्टिता. माझ्याबरोबर राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं परीक्षेला बसतात आणि हा दोष पाठ करतात. मला तो झालेला आहे. एवढ्या तयारीनिशी परीक्षेला बसणारी विद्यार्थिनी मंडळाला मिळणं कठीण.

उष्णतेच्या पाठात मात्र माझं आणि मुलीचं कडाक्याचं भांडण झालं. प्रश्न होता: उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो? आयुष्यभर कुकर आणि मोदकपात्र उघडणाऱ्या बाईला हे विचारायचं! मी मनगटावरच्या डागांसकट उत्तर लिहिलं. वाफ हाताला लागली की तिथेच तिचं पाणी होतं, आणि होता होता पोटात दडवलेली सगळी धग ती हाताला देऊन टाकते. पाणी झाल्यावरही ते उकळतंच असतं, ते वेगळं. मुलीने अर्धा गुण दिला. तिच्या मते 'बाष्पनाचा अप्रकट उष्मा' हे शब्द हवेत आणि ग्रॅमला ५४० कॅलरी हा आकडा हवा. मी म्हटलं, धग पोटात दडवलेली म्हणजेच अप्रकट. ती म्हणाली, "आई, तपासणाऱ्या बाईंना तुझं मनगट दिसणार नाहीये."

या एका वाक्यात माझ्या सगळ्या दहावीची अडचण आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला पुस्तक जे सांगतं ते त्याने आधी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून तो पुस्तकाचे शब्द जसेच्या तसे उचलतो. मी ते आधीच पाहिलेलं, भाजून घेतलेलं, विकत आणलेलं असतं. माझ्याकडे वस्तू आहे, नाव दुसरंच आहे. माझा निम्मा अभ्यास हा माझ्याच घरातल्या सामानावर पुस्तकातल्या चिठ्ठ्या चिकटवण्यात जातो. आणि तरीही, खरं सांगायचं तर, ५४० हा आकडा कळल्यापासून कुकरची शिट्टी काढताना मी जरा अदबीने काढते. नुसतं भाजण्यातून एवढी अदब आली नव्हती.

गणिताकडे येते. येणं भागच आहे.

हिशोबात मला कुणी हात धरणार नाही. महिन्याचे डबे, मुलांचे खाडे, रविवारच्या फीस्टचे जादा, गॅस, किराणा, कुणाचे गेल्या महिन्याचे राहिलेले, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. वही असते ती मुलांना दाखवायला. सासूबाईंना पावकी, निमकी, अडीचकी अजून तोंडपाठ आहेत आणि त्यांच्या हाताखाली मी तयार झालेले. त्यामुळे दोन चलांतली समीकरणं बघितल्यावर मला उत्तर लगेच दिसतं. तिथेच गाडी अडते. गणिताच्या पेपरात उत्तराला फारसा मान नाही, मान पायऱ्यांना. एक्स मानायचा, वाय मानायचा, समीकरण एक, समीकरण दोन, वजा करायचं, किंमत ठेवायची, आणि मग मला सुरुवातीलाच माहीत असलेलं उत्तर नव्याने सापडल्याचं दाखवायचं. "हे तुला कसं आलं?" मुलगी विचारते. कसं आलं म्हणजे काय? आलं.

वर्गसमीकरणं मात्र मला मनापासून आवडली. वयाचं गणित सोडवलं की दोन उत्तरं येतात, एक धन आणि एक ऋण. मग लिहायचं: परंतु वय ऋण नसते. आणि ते उत्तर तिथेच सोडून द्यायचं. खोडायचं नाही हं. ते बरोबर आहे, रीतीने आलेलं आहे, फक्त आपल्या उपयोगाचं नाही. असा समजूतदारपणा मी आजवर कुठल्याच हिशोबात पाहिला नव्हता.

संभाव्यतेत मुलांनी माझी शिकवणी घेतली ती पत्त्यांच्या जोडाने. ५२ पत्ते, दोन फासे, नमुना अवकाश. मला पत्ते कळत नाहीत. पण आज रात्री किती पानं बसतील, हे मी सकाळी सांगू शकते. आयोगाची जाहिरात आली की मुलं जास्त जेवतात. निकाल लागला की पहिल्या दिवशी निम्मी येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळी येतात आणि कुणी बोलत नाही. परीक्षा पुढे ढकलल्याची अफवा असेल तर भात कमी खपतो, चहा जास्त. २०२३ मध्ये नव्या लेखी पद्धतीवरून आंदोलन झालं, तेव्हा तर माझ्या कणकेचा अंदाज रोज पेपर वाचून ठरत होता. यातलं काही त्या दोन फाशांत बसत नाही. एका मुलाने ते बसवायचा प्रयत्न केला, कागदावर मांडलं, आणि शेवटी तोच म्हणाला, "मावशी, तुम्ही आपल्या अंदाजानेच कणीक भिजवा."

अर्थनियोजनाच्या पाठात तर पारडं उलटलं. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, राज्यातल्या व्यवहारात तो केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मानिम्मा वाटला जातो, सेवेचा धंदा करणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. हे मी मुलांना शिकवलं. किराणावाल्याच्या पावत्या काढून दाखवल्या. त्यांच्या अर्थशास्त्रात हे येतं म्हणे. त्या संध्याकाळी कुणी भाजीला नावं ठेवली नाहीत.

भूमितीत प्रमेयांची सिद्धता असते. वर पक्ष लिहायचा, म्हणजे काय दिलंय ते. मग साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचंय ते. आणि मग एकेक पायरी. मला वाटलं होतं की हे भलतंच नवीन असेल. पण आमच्या घरच्या वादांतही साध्य आधीच ठरलेलं असतं आणि पायऱ्या मागाहून गोळा केल्या जातात. भूमितीत एवढंच जास्तीचं की प्रत्येक विधानापुढे कारण लिहावं लागतं. हे आमच्या घरी लागू केलं तर निम्मे वाद पहिल्या ओळीवर संपतील, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्याने विचारलं, "उरलेले निम्मे?" त्याचं उत्तर महत्त्वमापनात सापडायचं नाही. महत्त्वमापनात बादलीला शंकुछेद म्हणतात, वर रुंद आणि खाली अरुंद म्हणून. तिचं घनफळ काढायला एक लांबलचक सूत्र आहे. मी एकदा सूत्राने काढलं आणि मग लिटरच्या मापाने पाणी ओतून ताडून पाहिलं. जमलं. पाणी भांडी घासायला वापरलं.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना दहावीला जे मराठीचं पुस्तक असतं, त्यात पु. ल. देशपांड्यांचा 'उपास' आहे. वजन कमी करण्याच्या निश्चयाचं काय होतं ते त्यात आहे, आणि मेस चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो धंद्याला अत्यंत पोषक पाठ आहे. तो मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवते. डाएट सुरू करण्याच्या बेतात असलेली दोन मुलं त्यानंतर नियमित जेवू लागली. मराठीत एक प्रश्न असतो, स्वमत. अमुक गोष्टीबद्दल तुमचं मत तुमच्या शब्दांत लिहा. इतक्या वर्षांच्या संसारात माझं मत असं स्वच्छ, ओळी सोडून, वर गुण देऊन कुणी मागितलं नव्हतं. मी पुरवणी जोडते.

उपयोजित लेखनात जाहिरात लिहायची असते. विषय आला 'घरगुती पोळीभाजी केंद्र'. माझी पाटीच दाराला लावलेली आहे, मी ती उतरवली. मुलीने गुण कापले. आकर्षकता कमी, म्हणे. मी तिला म्हटलं, त्या पाटीने तुझी फी भरलीय. तिने एक गुण वाढवला, पण शेरा काढला नाही.

हिंदी ठीक आहे. हिंदीचं श्रेय दुपारच्या मालिकांना. इंग्रजीबद्दल एवढंच, की मोबाइलमुळे मला पेंडिंग, कॅन्सल, फेल्ड आणि ट्राय अगेन हे शब्द उत्तम येतात आणि इंग्रजीच्या पुस्तकाशी माझे सध्याचे संबंध यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाहीत.

महर्षी कर्व्यांवरचा पाठ आहे आमच्या मराठीला. आमच्या पेठांत अशा माणसांच्या नावाच्या पाट्या पावलोपावली, त्यामुळे भाजी आणायला जातायेताही उजळणी होते. रमाबाई रानडे लग्न होऊन इथे आल्या आणि मग लिहायला-वाचायला शिकल्या, तर घरातल्या बायकांनीच त्यांना हैराण केलं. पुढे १९०९ मध्ये पुण्यात त्यांनी सेवासदन चालू केलं, मोठ्या वयाच्या बायकांना शिकता यावं म्हणून. हे मी सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे हैराण करते तुला? मी तर शेंगा सोलून देते." ते खरं आहे. भूमितीच्या दिवशी शेंगा, लसूण, सगळं त्याच सोलतात.

गेल्या महिन्यात मुलीने वहीच्या पुठ्ठ्याचं रीतसर प्रगतिपुस्तक केलं. विषय, एकूण गुण, मिळालेले गुण, शेरा. भूगोलापुढे 'उत्तम'. विज्ञानापुढे 'व्याख्यांकडे लक्ष द्यावे'. मराठीपुढे 'उत्तर प्रश्नापुरतेच लिहावे'. इंग्रजीपुढे 'प्रयत्न चालू ठेवावेत'. गणितापुढे पस्तिशीच्या आत-बाहेर घुटमळणारा आकडा आणि 'पायऱ्या!!' एवढंच, दोन उद्गारचिन्हांसह. वर्तनाच्या रकान्यात 'वाद घालते'. सगळ्यांत खाली ठिपक्यांची ओळ आणि तिच्याखाली 'पालकांची सही'.

पालक कोण, यावर टेबलावर चर्चा झाली. नवरा म्हणाला मी नाही, मला पुढे याच घरात राहायचंय. एका मुलाने सुचवलं की सासरी सासू हीच पालक. सासूबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकल्या. पेन्शनचा कागद आणि बँक याखेरीज ती कुठे उमटत नाही. त्यांनी चष्मा मागितला, पुठ्ठा ताटापासून लांब सरकवला आणि सही करण्याआधी ओळन्‌ओळ वाचून दाखवायला लावली. बाकी विषयांना मान डोलावली. गणिताला थांबवलं, आकडा पुन्हा विचारला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढे कमी? आणि माझ्या पेन्शनमधला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर तुला रात्री झोप लागत नाही ती?"